पाय दाबला, पण गाडी उठली नाही : वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

या महिन्याची पत्रं आम्ही एकाच तक्रारीभोवती निवडली आहेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उशिरा उचलतं, अडखळतं किंवा उचलतच नाही. बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे : उभ्या गाडीत रेस देऊन हे घरीच कसं तपासायचं? तपासता येतं. मात्र रेस देणं ही त्यातली शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायऱ्या गाळल्या तर दोष सापडत नाही आणि अपघात मात्र होऊ शकतो.

प्रश्न : माझी २०१६ सालची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक ६८,००० किलोमीटर चालली आहे. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम झटका देऊन गाडी पुढे जाते. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली आहे. खर्च मोठा आहे. त्याआधी मी स्वतः काय काय बघू शकतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात बदलू नका. क्षणभर शांतता आणि मग झटका हे लक्षण थ्रॉटल बॉडीतल्या, इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या कडेला साचलेल्या काळ्या चिकट थराचं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो थर पुसता येतो. पण ‘शक्यता मोठी’ एवढ्यावर कुठलाच भाग ना बदलावा ना साफ करावा. आधी खात्री करू.

तुमच्या गाडीत पेडलची तार झडपेपर्यंत जात नाही. पेडलपाशी दोन सेन्सर आहेत, ते पाय किती दाबला हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतात. ईसीयू थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला आदेश देतो, मोटर बटरफ्लाय झडप उघडते, आणि झडप खरंच किती उघडली हे तिथले आणखी दोन सेन्सर परत कळवतात. त्यानंतर हवा आत जाते, त्या प्रमाणात पेट्रोल फवारलं जातं, ठिणगी पडते. साखळीची कुठलीही कडी ढिली पडली तरी पायाला जाणवतं ते एकच : पिकअप नाही. तपासणी म्हणजे नेमकी कुठली कडी, हे शोधणं.

सुरुवात पेडलखालून करा. जाड रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकलेली असली की पेडल तळाशी पोचतच नाही, किंवा मॅटची कड पेडलखाली अडकते. ही किरकोळ बाब नाही. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे मॅटमध्ये अडकणारं पेडल हे एक कारण होतं. मॅट काढून ठेवा आणि इंजिन बंद असताना पेडल तळापर्यंत दाबून सोडा. ते अडखळत परत आलं तर पुढे काहीच करायचं नाही, ती गाडी चालवायचीही नाही.

मग थंड इंजिनवर बोनेट उघडा, किल्ली खिशात ठेवा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा रबरी पाइप बोटांनी दाबत दाबत सगळीकडून बघा. त्याच्या घड्यांमध्ये पडलेली चीर वरून दिसत नाही, पाइप वाकवला की उघडते. होज क्लिप घट्ट आहेत का, बारीक व्हॅक्यूम पाइपांची टोकं कडक होऊन निसटली आहेत का, उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हे पाहा. पावसाळ्यात बोनेटखाली उंदीर घर करतात आणि या पाइपांचं नुकसान आम्हाला नेहमी दिसतं. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसेनासा झाला असेल तर बाकीचं काही करण्याआधी फिल्टर बदला.

आता ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं छोटं यंत्र. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. कोड असतील तर आधी लिहून ठेवा, पुसू नका. किल्ली ऑन, इंजिन बंद. स्क्रीनवर फक्त पेडलची टक्केवारी आणि थ्रॉटलची टक्केवारी ठेवा. स्वस्त स्कॅनर एकाच वेळी दहा आकडे दाखवायला गेला तर प्रत्येक आकडा उशिरा बदलतो, आणि स्कॅनरची दिरंगाई गाडीची वाटू लागते. तीन-चार आकड्यांपेक्षा जास्त कधीही लावू नका.

पेडल दहा-बारा सेकंद घेऊन अगदी हळू दाबा आणि तितक्याच हळू सोडा. आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. पाय वर असताना ० ऐवजी १४-१५ टक्के आणि पूर्ण दाबल्यावर १०० ऐवजी ८० टक्के दिसले तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कच्चा आकडा तसाच येतो. मध्येच आकडा उडी मारतो किंवा शून्यावर पडतो, तो दोष. थ्रॉटलचा आकडा पेडलमागोमाग हलला पाहिजे. काही गाड्या इंजिन बंद असताना झडप पूर्ण उघडू देत नाहीत, म्हणून तो अर्ध्यावर थांबला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

एवढं झाल्यावर इंजिन सुरू करा. गाडी मोकळ्या हवेत, सपाट आणि पक्क्या जागेवर हवी. वाळलेलं गवत किंवा पाचोळा खाली नको, कारण धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगलाच तापतो आणि त्याने गवत पेटू शकतं. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि दोन चाकांना लाकडी पाचर लावा. वीट नको, ती फुटते. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये, मुलांना घरात पाठवा. रेस देताना बोनेट बंदच ठेवा. बोनेट उघडून हाताने झडप हलवण्याची जुन्या काळची सवय मोटरवाल्या झडपेवर चालत नाही. ओढणी, पदर, गळ्यातली आयकार्डची दोरी पट्ट्यात किंवा पंख्यात सापडते ती नेमकी अशा वेळी.

इंजिन ८५ ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या. एसी, दिवे बंद. थंड इंजिनवर केलेली रेसची चाचणी फसवी असते, कारण तेव्हा ईसीयू पेट्रोल मुद्दाम जास्त सोडत असतो. तापल्यावर आयडलिंग (पेडलला पाय न लावता इंजिन चालतं तो वेग, गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’) साधारण ७०० ते ८०० आरपीएमला स्थिर हवं. आता स्क्रीनवर आरपीएम, मॅनिफोल्डचा (झडपेपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब आणि शॉर्ट व लाँग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते आकडे, ठेवा. आयडलला दाब ३० ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान असावा आणि दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत.

पेडल हळूहळू दाबून २,५०० आरपीएमला २० सेकंद धरा आणि ट्रिम पाहा. आयडलला बेरीज अधिक १५ होती आणि २,५०० ला अधिक ३-४ वर आली, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा घेतंय : फाटका पाइप, मॅनिफोल्डचं गॅसकेट. झडप जेमतेम उघडी असताना ही चोरटी हवा एकूण हवेच्या मानाने खूप ठरते, झडप उघडली की तिचा हिस्सा नगण्य होतो, म्हणून आकडा असा बदलतो. उलट आरपीएम वाढवल्यावर ट्रिम वाढतच गेली तर पेट्रोल कमी पडतंय. मग पंप आणि फिल्टरकडे वळा.

आणि आता शेवटची पायरी. ट्रिम काढून स्क्रीनवर आरपीएम, थ्रॉटल आणि दाब ठेवा. पेडल झटकन अर्ध्यापर्यंत दाबा आणि काटा ३,००० कडे जाताच सोडून द्या. सगळं मिळून दोन सेकंदांच्या आत. मध्ये अर्धा मिनिट थांबून असं तीनदा करा, चौथ्यांदा गरज नसते. निरोगी इंजिनात थ्रॉटलचा आकडा लगेच उठतो, दाब क्षणभर बाहेरच्या हवेच्या दाबाजवळ जातो, पेडल सोडल्यावर आयडलच्याही खाली, २०-२५ पर्यंत पडतो आणि मग स्थिरावतो. आरपीएम खाली येताना इंजिन बंद पडता कामा नये.

पेडलचा आकडा उठला पण थ्रॉटल उशिरा हलला, तर दोष थ्रॉटल बॉडीत किंवा तिच्या वायरिंगमध्ये. पी २१३५ हा झडपेच्या दोन सेन्सरचं आपसांत न जुळल्याचा कोड, पी २१११ आणि पी २११२ झडप अडकल्याचे, तर पी २१३८ पेडलच्या सेन्सरचा. थ्रॉटल आणि दाब दोन्ही वेळेवर उठले आणि इंजिन तरीही अडखळलं, तर थ्रॉटल बॉडी निर्दोष आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा. तुमच्या गाडीत कोड नसेल, आकडे सलग असतील आणि फक्त पहिल्या काही टक्क्यांत अडखळत असेल, तर झडप साफ करून बघणं हाच रास्त मार्ग. ते कसं करायचं हे कोल्हापूरच्या पत्राच्या उत्तरात आहे.

उभ्या गाडीत इंजिनवर वजन नसतं, हेही लक्षात असू द्या. अशक्त पंप किंवा कमजोर कॉइल या चाचणीत सहज पास होते आणि चढावर नापास. चाचणी पास झाली तरी रस्त्यावर त्रास होतच असेल, तर शेजारी बसलेल्याला स्कॅनरची नोंद करायला सांगा. गाडी चालवताना स्वतः स्क्रीनकडे बघू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, पण रॅम्प उघडाच असतो आणि पंखेही आहेत. पाच-दहा मिनिटांच्या चाचणीला तिथे हरकत आहे का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : आहे. तळघरात करू नका, पाच मिनिटंही नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपट ओढीने जोडला जातो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी शरीरात साठत जातो. ‘माझ्या गाडीला कन्व्हर्टर आहे’ हा दिलासाही खोटा. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि इंजिन थंड असताना पेट्रोलही जास्त जळतं. म्हणजे सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं, जी तुम्ही गाडी तापवण्यात घालवाल, तीच सर्वांत विषारी. उघडा रॅम्प म्हणजे वारा खेळणं नव्हे, आणि तळघरातला पंखा कधी चालू असतो, कधी नसतो. शेडमध्ये दार उघडं ठेवून करायचं म्हणाल तर त्यालाही आमचं हेच उत्तर.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही पहिली लक्षणं. ती उन्हाची किंवा पित्ताची समजून माणूस तिथेच बसून राहतो. लक्षण जाणवताच आधी उघड्यावर या, बाकीच्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. इंजिन बंद करायला परत आत जाऊ नका.

प्रश्न : २००४ ची तारेच्या ॲक्सिलरेटरची पेट्रोल गाडी आहे. ओबीडी स्कॅनर लागत नाही. पेडल थोडं दाबल्यावर एका ठरावीक जागी गाडी गचके देते, त्यापुढे नीट चालते. मल्टिमीटर वापरता येतो. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘एका ठरावीक जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. झडप किती उघडली हे सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या आत एक पट्टी असते आणि तिच्यावरून काटा घासत फिरतो. गावातल्या चालवण्यात पाय वर्षानुवर्षं पेडलच्या पहिल्या पाव भागातच असतो, म्हणून पट्टी तिथेच झिजते.

आधी तार बघा. समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेत तारेचे पेड गंजून एकेक तुटतात आणि आवरणात अडकतात. पेडल सोडल्यावर झडप खाडकन पूर्ण बंद झाली पाहिजे. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा, झडप पूर्ण उघडते का पाहा. टोकाशी काही मिलिमीटर सैलपणा हवा. अजिबात नसेल तर झडप किंचित उघडी राहते आणि स्लो जास्त धरतो. एक जरी पेड तुटलेला दिसला तरी तार बदला. तेल सोडून वेळ मारून नेऊ नका, त्यावर धूळ बसून तार आणखी अडकते.

मग सेन्सर. किल्ली ऑन, इंजिन बंद. तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. कनेक्टर लावलेलाच असू द्या आणि त्याच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, बारीक टाचणी सरकवून मापा. वायरीला भोक पाडू नका. कोकणातल्या हवेत त्या भोकातून तांबं हिरवं पडून वायर आतून कुजते. बल्बचा टेस्टर तर मुळीच लावू नका, तो इतका करंट ओढतो की ईसीयूला इजा होऊ शकते. झडप बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्ट अपेक्षित. मधला प्रवास १५ सेकंदांत, अगदी सावकाश. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची पडझड त्यातून सुटते. जुना काट्याचा मीटर घरात असेल तर तो इथे जास्त कामाचा : काटा थरथरला की समजा पट्टी झिजली. सेन्सरवर बोटाने हलकी टिचकी मारूनही काटा उडतो का पाहा. उडाला तर सेन्सर बदला, साफ करून तो सुधारत नाही.

प्रश्न : व्हिडिओ बघून मी थ्रॉटल बॉडी साफ केली, कार्ब्युरेटरचा स्प्रे वापरला, झडप स्क्रूड्रायव्हरने उघडून धरली होती. आता गाडी १,५०० आरपीएमला स्लो धरते. बिघडली का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कदाचित बिघडली नसेल. झडपेच्या कडेला थर साचत गेला तसा ईसीयू झडप थोडी थोडी जास्त उघडत गेला आणि तेच नवं माप त्याने लक्षात ठेवलं. थर गेला, माप तेच राहिलं, म्हणून हवा जास्त जाते. आधी काढलेला रबरी पाइप नीट बसलाय का, सगळे बारीक पाइप परत लावलेत का हे बघा. मग इंजिन चांगलं तापवून बंद करा. पेडलला पाय न लावता किल्ली ऑन करून ३० सेकंद थांबा, ऑफ करून १५ सेकंद थांबा, मग इंजिन सुरू करून एसी आणि दिवे बंद ठेवून दहा मिनिटं आयडलला चालू द्या. नंतर दोन मिनिटं एसी लावा. पुष्कळ गाड्या एवढ्यावर रुळावर येतात, काहींना स्कॅनरवरूनच थ्रॉटल रीलर्न (झडपेचं माप नव्याने शिकण्याची आज्ञा) द्यावं लागतं. तरीही १,५०० कायम असेल, पी ०५०७ (स्लो जास्त असल्याचा कोड) किंवा पी २१११ आला, तर स्क्रूड्रायव्हरने आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांना मार बसला असण्याची शंका घ्यावी लागेल.

पुढच्या वेळी, आणि नाशिकच्या वाचकांसाठीही, पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड. किल्ली बाहेर, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. हे केवळ शिस्तीसाठी नाही : किल्ली ऑन असताना कुणी पेडलला पाय लावला आणि सोडला, तर मोटर झडप बंद करते आणि बोट आत असेल तर चिरडतं. ‘एकाने पेडल दाबून धरा, दुसऱ्याने साफ करा’ हा व्हिडिओंमधला सल्ला म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

होज क्लिप ढिली करून पाइप बाजूला घ्या. क्लीनर थ्रॉटल बॉडीसाठीचाच आणा. बऱ्याच झडपांवर आणि नळीच्या आत कारखान्यात दिलेला पातळ थर असतो, तो जहाल स्प्रेने निघून जातो आणि मग झडप बंद होताना चिकटते. स्प्रे सरळ आत मारू नका, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर मारा आणि झडपेची कड व तिच्यासमोरची गोल भिंत पुसा. दोन-तीन फडकी काळी होतील. कोपऱ्यासाठी मऊ टूथब्रश. झडपेच्या दांड्यावर स्प्रे मारलात तर तो बेअरिंगमधून सेन्सरपर्यंत झिरपतो. मागची बाजू समोरून पुसता येत नाही. तिथेही जाड थर असेल तर थ्रॉटल बॉडी उतरवून साफ करायला द्या, झडप ढकलून पोचायचा हट्ट नको. काही गाड्यांत तिच्यातून कूलंटचे पाइपही जातात, त्यामुळे उतरवणं घरचं काम राहत नाही.

सगळं परत बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाफ उडून जाऊ द्या. मगच बॅटरी जोडा, कारण तार लावताना ठिणगी पडते. पहिल्यांदा सुरू करताना इंजिन थोडं अडखळेल, जरासा पांढरा धूर येईल. तो मिनिटभरात थांबला पाहिजे.

चोरटी हवा शोधायला चालू इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारणं, उदबत्ती फिरवणं हे दोन्ही प्रकार पत्रांत वाचायला मिळाले. कृपया थांबवा. तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो, आणि पेट्रोलच्या पाइपाशेजारी निखारा न्यायचा नसतो. ट्रिमचे आकडे बिनधोक आहेत आणि हवा चोरून शिरतेय का हे सांगतात.

प्रश्न : कंपनी फिटेड सीएनजी गाडी गॅसवर मेली, पेट्रोलवर ठीक. रेस देऊन तपासू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गॅसवर झटका-रेस देऊ नका. मिसिंग असताना गॅसचं मिश्रण इनटेकमध्येच पेट घेऊ शकतं, आणि त्या बॅकफायरने प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड किंवा एअर फिल्टरचा डबा फुटू शकतो. चाचणी पेट्रोलवरच करा.

गॅसवर थोडी ताकद कमी वाटणं नैसर्गिक आहे. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जागा अडवतो, तेवढी हवा कमी शिरते. पण ‘मेली’ म्हणण्याइतका फरक असेल तर आधी प्लग बघा. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. फटीचं माप तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलंच ठेवा, अंदाजाने नको. एअर फिल्टर, मग सीएनजीचा फिल्टर आणि रेग्युलेटर, या क्रमाने जा. शेवटचे दोन अधिकृत केंद्रातच. टाकीतला दाब २०० बारपर्यंत असतो आणि तो पाना लावून शिकायचा विषय नाही. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) झाली आहे ना, तेही त्याच फेरीत बघा.

प्रश्न : २०१४ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक. पीयूसीवाल्याने पाय पूर्ण दाबून चार-पाच वेळा रेस दिली, धूर मापला. मीही घरी तशीच रेस देऊन टर्बो तपासू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. पीयूसी केंद्रात डिझेलची जी चाचणी होते तिला फ्री ॲक्सिलरेशन म्हणतात : न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून इंजिन कमाल आरपीएमपर्यंत नेणं. त्याआधी इंजिन ऑइल किमान ६० अंशांपर्यंत तापलेलं हवं, ऑइलची पातळी बरोबर हवी. टायमिंग बेल्टच्या गाडीत जुना बेल्ट नेमका इथे तुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तुमच्या १.३ लिटर इंजिनाला चेन असेल तर तो धोका कमी, तरी बेल्ट की चेन हे पुस्तिकेत पाहून मगच गाडी पीयूसीला न्या.

बऱ्याच डिझेल गाड्यांच्या इनटेकमध्येही झडप असते, पण ती वेग ठरवत नाही. वेग ठरतो फवारलेल्या डिझेलवर. त्यामुळे थ्रॉटल साफ करून पिकअप येईल ही आशा इथे ठेवू नका. आणि न्यूट्रलमध्ये टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा, दाब तयारच करत नाही म्हटलं तरी चालेल, वजन पडल्याशिवाय तो खऱ्या अर्थाने फिरत नाही. म्हणून घरची रेस टर्बोबद्दल काहीही सांगत नाही. थंड इंजिनवर टर्बोपासून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतचे पाइप बघा. क्लिपजवळ तेलाचा ओला, धूळ बसलेला डाग म्हणजे तिथून दाब निसटतोय. चढावर शिट्टीसारखा फुसफुस आवाज, काळा धूर आणि पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड) हे तिन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात. पाइप ठीक असतील तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरला आहे का ते पाहायला द्या. फक्त २,००० आरपीएमच्या खाली गाडी सुस्त आणि वर चपळ असेल, तर तो या इंजिनाचा स्वभाव आहे. गिअर एक खाली घ्या.

एक धोका माहीत असू द्या. टर्बोचं सील गेलं की डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल ओढून जाळू लागतं, पाय काढला तरी रेस वाढत जाते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत असाल तर ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, पाचवा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. ते जमलं नाही तर गाडीपासून दूर व्हा. बोनेट उघडून इनटेकवर हात धरायला जाऊ नका.

प्रश्न : साताऱ्यात नीट चालणारी पेट्रोल गाडी महाबळेश्वरला सुस्त होते. थ्रॉटल खराब आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, हवा विरळ आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा दाब पाहिलात तर मुंबईत सुमारे १०१, पुण्यात ९४-९५ आणि महाबळेश्वरला ८६ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. हाच आकडा सेन्सरची फुकटची परीक्षाही आहे : पुण्यात उभ्या, बंद इंजिनाच्या गाडीत ७० दिसत असतील तर सेन्सर खोटं बोलतोय.

प्रश्न : एएमटी गाडीत पेडल दाबल्यावर गाडी उशिरा निघते. ब्रेक दाबून, डी मध्ये ठेवून रेस देऊन बघू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एएमटीत, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रणाच हलवते अशा गाडीत, तर कधीच नाही, त्याने क्लच जळतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या (ऑइलमधून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक गाडीत ऑइल काही सेकंदांत प्रमाणाबाहेर तापतं. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबली की ईसीयू ब्रेकचं ऐकून रेस कापतो, म्हणजे चाचणीला अर्थही उरत नाही. न्यूट्रलमध्ये वर सांगितलेली साधी चाचणी करा. त्यात इंजिन लगेच उठलं तर उशीर क्लच आणि गिअरच्या यंत्रणेचा आहे. न्यूट्रलला काटा ४,००० च्या आसपास अडला तर तोही बिघाड नाही, उभ्या गाडीत आरपीएमवर लगाम ठेवणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत.

प्रश्न : पावसात चालवताना चेक इंजिनचा दिवा लागला, पेडल दाबूनही गाडी रांगत होती. बंद करून सुरू केल्यावर नीट झाली. दुर्लक्ष करू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : करू नका. ईसीयूला पेडलच्या किंवा झडपेच्या दोन सेन्सरचं म्हणणं जुळलं नाही की तो झडप जेमतेम उघडी ठेवतो, म्हणजे तुम्ही कडेला पोचाल पण वेग घेणार नाही. किल्ली बंद केल्याने झडपेवरचा हा लगाम सुटतो, दोष जात नाही. आणि पुढची वेळ घाटातल्या ओव्हरटेकमध्ये येऊ शकते.

आधी बॅटरी मापा : रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी कमजोर असेल तर थ्रॉटलचे खोटे कोड येतात. ती ठीक असेल तर बॅटरीची तार सोडवून थ्रॉटल बॉडीचा आणि पेडलचा कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवा. सँडपेपर लावू नका, पिनांवरचा मुलामा जातो. कनेक्टरचं रबरी सील फाटलं असेल तर तेवढंच बदला. आणि कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट : दोष आला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि आरपीएम त्यात असतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी नीट चालत असेल तर मेकॅनिकला दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असेल.